पडलेल्याच्या दारातले पाणी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आबांचे. त्यांनी माझ्या वडिलांचा हात कुऱ्हाडीने तोडला, म्हणून माझे वडील जगले.

वडील त्यांच्याकडे सालगडी होते. गुऱ्हाळाचे दिवस होते. चरकात ऊस सारताना वडिलांच्या बंडीची बाही फिरत्या रुळांमध्ये सापडली आणि डावा हात बोटांपासून आत जाऊ लागला. किंकाळी ऐकून बैल बिथरले आणि थांबण्याऐवजी जास्तच जोराने फिरू लागले. आबा चुलवणापाशी बसले होते. त्यांनी सरपणातली कुऱ्हाड उचलली आणि कोपराखाली एक घाव घातला. मग स्वतःचे धोतर फाडून दंड आवळला, वडिलांना गाडीत घातले आणि बैल पळवत पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. मी तेव्हा मराठी दुसरीत होतो. लोक मला मागे ओढत होते, तरी चरकात जे राहिले होते ते मला दिसलेच. त्या दिवशी कढईतला रस ओढ्यात ओतून दिला.

वडील बरे होऊन परत आले तेव्हा आबा त्यांना म्हणाले, "तुझा हात मी घेतला. आता तुझ्या पोराचे हात शेनात जानार न्हाईत, हे मी बगतो."

त्यांनी ते पाहिले. त्यांच्याच घरी मी जेवलो, त्यांच्याच ओसरीवर अभ्यास केला, चिंचवडच्या शाळेत गेलो आणि पुढे पुण्याला कॉलेजात. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला मी आणि पदवी घेणाराही पहिला मीच. पदवीचा कागद आधी आबांच्या पायांवर ठेवला, मग देवापुढे. आबा म्हणाले, चुकीच्या जागी आधी ठेवलास, आणि हसले.

आमचे गाव पवनेच्या काठी, काळेवाडीच्या जवळ. नदीपलीकडे पिंपरी. आबा कित्येक वर्षे गावचे पंच होते, आणि कॉलेजच्या सुट्टीत निवडणूक आली की मत मागायच्या फेरीत मला बरोबर घेत. मी जे काही राजकारण शिकलो ते पुस्तकात नव्हते. आबा फेरी नेहमी आळीतल्या शेवटच्या घरापासून सुरू करीत. पहिल्या घराला वाटते आपल्याकडे येणारच. शेवटच्या घराला मात्र सगळे दमून पोचलेलेच भेटतात, असे ते म्हणत. माणूस जेवत असला तर ते अंगणातच थांबत आणि त्याचा हात धुऊन होईपर्यंत मताचा विषय काढीत नसत. घरधनी जमिनीवर बसला असेल तर आबाही जमिनीवर. विरुद्ध बाजूच्या माणसाबद्दल हवे ते बोलत, पण त्याच्या बापाबद्दल कधी नाही. आणि प्रत्येक घरी पाणी पीत. गावकुसाबाहेरच्या घरीही पीत, आणि त्याबद्दल घरी आल्यावर आपल्या आईच्या शिव्या खात.

पण त्यांचा सगळ्यांत मोठा नियम निकालानंतरचा होता. जिंकले की ते गुलाल धुऊन टाकून एकटेच पडलेल्या उमेदवाराच्या दारात जात आणि पाणी मागत. एकदा एका घराने त्यांच्यावर कुत्रे सोडले होते. पोटरी फाटली, तरी ते पाणी पिऊनच परतले. ते म्हणत, मते मोजून माणूस फक्त वर येतो. निवडून येतो तो ते पाणी प्याल्यावर.

पिंपरीला कारखाने उभे राहू लागले तसे आमच्या खालच्या आळीतले गडी तिकडे कामाला जाऊ लागले. कंपनीत पाळी संपली की माणूस मोकळा. दादांच्या शेतात तसे नव्हते. दादा म्हणजे आबांचा थोरला मुलगा. सारे गाव त्यांना दादा म्हणे, मीही म्हणे. त्यांच्या हातचा मार मी लहानपणी पुष्कळ खाल्ला होता आणि त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, हातची भाकरीही तितकीच. आबा थकल्यावर शेती आणि होडी दादांकडे आली. उन्हाळ्यात पवना पायी ओलांडता येते, पण पावसाळ्यात होडीशिवाय पिंपरी गाठायची म्हणजे लांबचा फेरा. होडी चालवायचा मक्ता पंचायत देत असे आणि तो वर्षानुवर्षे त्याच घरात होता.

गडी कंपनीत जाऊ लागल्यावर दादांनी हुकूम काढला: ज्याच्या घरातले एक माणूस आमच्या शेतावर येईल त्यालाच होडी. बाकीच्यांनी पोहत जावे.

आळीतल्या एकाने हे खरेच मनावर घेतले. बायकोला दादांच्या शेतावर पाठवायला तो तयार नव्हता. तो कपडे डोक्याला बांधून रोज पोहून जाई आणि पोहून येई. आषाढात एका दुपारी पहिली पाळी संपवून तो परत निघाला तेव्हा पाणी चढत होते. मधोमध त्याचा दम संपला. शेजारून होडी चालली होती. त्याने तिच्या काठाला हात घातला. होडीतल्या माणसांनी सांगितले ते असे, की दादांच्या नावाड्याने वल्ह्याने त्याच्या बोटांवर मारले. त्याने दुसऱ्या हाताने काठ धरला. नावाड्याने त्या हातावरही मारले.

प्रेत तिसऱ्या दिवशी पिंपळे गुरवच्या अंगाला बाभळीत अडकलेले सापडले. मी तेव्हा पिंपरीच्या एका खासगी शाळेत मास्तर होतो. प्रेत आणायला आळीतल्या लोकांबरोबर मी गेलो होतो. पाण्याने तोंड ओळखू येत नव्हते. बोटे मात्र ज्याने मारले त्याच्या नावासारखी स्पष्ट होती, सगळी मागे वळलेली. कागदावर एवढेच लिहिले गेले की इसम पुरात वाहून गेला.

त्याच वर्षी पंचायतीची निवडणूक आली. बाकीच्या वॉर्डांतले पंच दोन्हीकडे सारखे वाटले जाणार हे दिसत होते आणि आमच्या वॉर्डाच्या जागेवर होडीचा निकाल लागणार होता. दादा उभे राहिले. खालच्या आळीने मला उभे राहायला सांगितले. मी आबांकडे गेलो.

ते सुपारी कातरत होते. मी विचारले, "आबा, मी उभा राहू का?"

"मला कशाला इचारतो? मी न्हाई म्हनलो तर बसशील?"

"बसेन."

"मंग तुला शिकवून मी काय केलं?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "हुबा ऱ्हा. पन दादा माझा ल्योक हाय. मी त्याच्याच बाजूनं बसनार. माझ्या दारात मत मागाया येऊ नगंस."

मी म्हणालो, "आणि नदीत गेला त्याचं काय?"

"त्येच्यासाठीच तर हुबा ऱ्हा म्हनतोय."

पुण्याच्या कचेरीत अर्ज भरून मी संध्याकाळी परत येत होतो तेव्हा गावाजवळच्या बाभळीच्या बनात मला चौघांनी गाठले. तोंडे बांधलेली नव्हती. त्यांना त्याची गरज वाटली नाही. पहिली काठी गळपट्टीच्या हाडावर बसली आणि ते मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पडलो. एकाने मानेवर पाय दिला, दुसऱ्याने चिखल उचलून माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाला, "मास्तर, आता भाषन कर की." माझी वाट पाहून सामोरे आलेले वडील एका हाताने त्यांच्या अंगावर धावले. त्यांनी त्या राहिलेल्या हातावर काठ्या घातल्या. दोन बोटे मोडली.

उजवा हात गळ्यात बांधून मी फेरीला निघालो. वडील बरोबर होते. शेवटच्या घरातली म्हातारी आम्हा दोघांना खालीवर बघून म्हणाली, "बापाला डावा न्हाई, लेकाला उजवा न्हाई. दोघं मिळून एकच मानूस हुबा ऱ्हायलाय जनू." तिने आम्हाला पाणी दिले. ते मी डाव्या हाताने प्यालो. त्या आठवड्यात रोज दिवे लागायच्या सुमारास आळीवर दगड पडत. कौले फुटली, एका गाभण म्हशीचा डोळा गेला, पण आळी हलली नाही. जितके दगड पडत तितकी माझी मते पक्की होत होती.

हे दादांना कळले आणि त्यांनी दगड बंद केले. त्यांनी खालच्या आळीतल्या झाडून सगळ्या पुरुषांना खंडोबाच्या देवळात बोलावले.

आमच्याकडे बेल-भंडारा उचलणे म्हणजे काय हे सांगायला नको. बेलाचे पान आणि हळद तळहातावर घेऊन देवासमोर शब्द दिला की तो शब्द माणसाचा राहत नाही. दादांनी दाराला आतून कडी घातली आणि एकेकाच्या हातावर भंडारा ठेवला. मत दादांना, असे एकेकाने म्हणायचे. बुडालेल्या माणसाच्या धाकट्या भावाने मूठ उघडली नाही. त्याला खांबाला टेकवून देवळातल्याच लंगराच्या साखळीने मारले. बंडी फाटून पाठीत रुतली तेव्हा दोघांनी त्याची बोटे एकेक करून उघडली, त्यात पान ठेवले आणि मूठ मिटली. मग तो बोलला.

दुसऱ्या दिवशी ते सगळे माझ्या अंगणात आले. कोणी वर बघेना. भाऊ म्हणाला, "मास्तर, आमचं मत गेलं."

मी त्यांना पुष्कळ समजावले. जबरदस्तीने घेतलेला शब्द बांधत नाही, कायदाही तसेच म्हणतो, देवालाही ते कळत असेल. माझा आवाज चढला होता. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

मग भाऊ म्हणाला, "मारलं ते मानसानं, मास्तर. पन हातात आला त्यो देव. मी मत दादालाच देनार."

त्याच्या पाठीवर माश्या बसत होत्या आणि तो त्या हाकलतही नव्हता. माझी निवडणूक तिथे संपली असे मी धरून चाललो.

बुडालेल्याची बायको माझ्या आईबरोबर उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "आन आमाला कुनी बोलावलं व्हतं देवळात?"

दादांनी शब्द घेतला होता तो घराघरातल्या पुरुषाचा. बाईला वेगळे मत असते हे कायद्याने सांगितले होते, पण गावात ते कोणी मोजत नव्हते. नवरा गेला तिकडे बायको जाणार, त्यासाठी निराळा भंडारा कशाला खर्च करायचा? त्यांचीच कशाला, माझीही सगळी फेरी पुरुषांशी बोलण्यात गेली होती.

भाऊ उठला. "ह्यातलं मी काई ऐकलं न्हाई," असे म्हणून तो अंगणाबाहेर गेला, आणि त्याच्यामागून बाकीचेही गेले.

तेव्हापासून आळीत तोच रिवाज पडला. माझी आई आणि ती बाई कुठल्याही घरात शिरल्या की त्या घरातला पुरुष तंबाखूची चंची उचलून नदीवर जाऊन बसे. त्यांनी शब्द दिला होता, म्हणून त्या बोलण्यात त्यांना नसायचे होते. आणि बायकांना अडवण्याचा शब्द कोणी मागितलाच नव्हता. दादांच्या माणसांना दिसायचे ते एवढेच, की खालच्या आळीतले गडी खाली मान घालून नदीकाठी बसून असतात. आळी मोडली असे त्यांनी दादांना सांगितले. आई आणि ती बाई फेरी शेवटच्या घरापासूनच करीत, आणि चुलीवर तवा असेल तर भाकऱ्या होईपर्यंत थांबत.

मतदान शाळेत होते. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्यामागे दोन पेट्या ठेवल्या होत्या, दादांची पिवळ्या कागदाची आणि माझी हिरव्या. टेबलाशी तालुक्याहून आलेले कारकून. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादांचे म्हणून आबा, पांढरा फेटा बांधून. मतदार खरा की खोटा हे आम्ही दोघांनी सांगायचे. मी वाकून नमस्कार केला. आबांनी मान हलवली. मतदान संपेपर्यंत आमच्यात तेवढेच बोलणे झाले.

सकाळी पुरुष येऊन गेले. पाठीला हळद लावलेला भाऊ आला, पडद्यामागे गेला, बाहेर आला. त्याने मत कुठे टाकले असेल याबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. बाहेर दादांनी गूळ वाटायला सुरुवात केली.

ऊन चढल्यावर खालच्या आळीच्या बायका एकदम आल्या. सगळ्यांत पुढे ती बुडालेल्याची बायको.

कारकुनांनी नाव विचारले, तिने सांगितले. मग त्यांनी नवऱ्याचे नाव विचारले.

ती गप्प राहिली. नवऱ्याचे नाव आमच्या बायका तोंडाने घेत नाहीत, जिवंत असो की मेलेला. आधीच्या निवडणुकांत नवरे बाजूला उभे राहून आपले नाव सांगत. आज नवरे नदीवर होते आणि येणार नव्हते. ही अडचण आमच्यापैकी एकाच्याही मनात आली नव्हती. मी तिच्या नवऱ्याचे नाव सांगू लागलो, तर कारकून म्हणाले, उमेदवाराच्या एकट्याच्या सांगण्यावर कागद देता येणार नाही, दुसऱ्या बाजूने ओळख पटवली पाहिजे. आणि त्यांनी आबांकडे पाहिले.

दादा दारात येऊन उभे होते. एवढ्या बायका कशासाठी आल्या आहेत ते आता त्यांच्या ध्यानात आले होते. ते म्हणाले, "आबा, तुमी वळकत न्हाई ह्यांना. तुमाला आता दिसत न्हाई नीट."

आबांनी आधी मुलाकडे पाहिले, मग त्या बाईकडे. आणि मेलेल्याचे नाव त्यांनी स्वच्छ घेतले, बापाच्या नावासकट. "त्येची बायको ही. त्यो नदीत मेला. आमच्या होडीपाशी." मग कारकुनांना म्हणाले, "द्या कागद. पुढची."

दादा दारातून गेले. थोड्याच वेळात रांगेवर काठ्या सुरू झाल्या. बाहेरच्या बायकांचे ओरडणे ऐकू येत होते. दोन शिपाई होते, त्यांतला एक जास्त पोलीस आणायला म्हणून पळाला तो परत आला नाही. बायका रांग सोडीनात. डोक्यावर पदर घेऊन भिंतीला चिकटून त्या एकेक पाऊल पुढे सरकत होत्या, आणि ज्या आत येत होत्या त्यांच्या कपाळावरून रक्त येत होते. आबा एकेकीच्या नवऱ्याचे नाव घेत होते.

मग खिडकीतून दगड आला. तो आबांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

ते खुर्चीवरून कलले, पण पडले नाहीत. मी उठलो. कारकून टेबलाखाली गेले होते. आबांनी फेट्याचा शेव सोडून डोळ्यावर दाबला. पांढरे कापड बघता बघता भरले आणि रक्त दुसऱ्याही डोळ्यात उतरले. मी त्यांना उचलू लागलो तर त्यांनी माझा हात झटकला. कारकुनांना म्हणाले, "भाईर या. मी उठलो तर ह्यांना वळकनार कोन? पुढची."

पुढची बाई टेबलाशी आली. आबांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. ती म्हणाली, "आबा, मी." त्या दोन शब्दांवर त्यांनी तिला ओळखले आणि तिच्या नवऱ्याचे नाव सांगितले. मग प्रत्येक बाई टेबलापाशी आली की तेवढेच म्हणे, "आबा, मी." आणि आबा नाव सांगत. एकही चुकले नाही. टेबलावर रक्ताचे थेंब पडत होते आणि कारकून कागद जपून बाजूला सरकवत होते.

बाहेरचा आवाज एकदम बदलला. नदीवरचे पुरुष आले होते. त्यांनी शब्द दिला होता मताचा, आणि मत ते देऊन चुकले होते. त्यांच्या हातात होडीची वल्ही होती. मी खिडकीतून पाहिले. भावाने नावाड्याला गाठले, शाळेच्या पायरीवर त्याचा हात दाबून धरला आणि वल्ह्याने बोटांवर घाव घातला. मग दुसरा हात ओढून घेतला. मी ओरडलो नाही. तिथे ओरडून कोणाला ऐकू गेले नसते, आणि ऐकू जावे असे मला वाटले असते की नाही हेही मी सांगू शकत नाही.

संध्याकाळी पेट्या उघडल्या. मी थोड्या मतांनी वर आलो. कोणीतरी माझ्या डोक्यावर गुलाल उधळला, तो कपाळावरच्या घामात ओघळला आणि माझ्या आईला क्षणभर वाटले की मलाही लागले.

गुलाल उधळला जात होता तेव्हा दादा नदीवर होते. त्यांनी कुऱ्हाडीने होडीचा तळ फोडला. घरातली तीच जुनी कुऱ्हाड की दुसरी, मला माहीत नाही. आमची पोरे दादांच्या कडब्याच्या गंजीला काडी लावायला निघाली. ती अडवण्यात माझा वेळ गेला, आणि मोडलेल्या हाडावर आपल्याच माणसांचे दोन धक्के बसले.

आबांना डोळ्यावर पट्टी बांधून बैलगाडीत झोपवले होते. त्यांनी सांगितले होते की त्या घरात आता पाणीसुद्धा घेणार नाही, मला चाकणला लेकीकडे पोचवा. कार्तिक होता, नदीला उतार पडला होता. वरच्या अंगाने गाडी घालून ते जाणार होते. गाडी माझ्या दारावरून चालली तेव्हा मी पुढे होऊन जू धरले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. मी काय बोललो ते आठवत नाही.

आबांनी हाताने माझा चेहरा चाचपला. गुलाल बोटांना लागला. विचारले, "पानी प्यालास का?"

मी म्हणालो, "अजून नाही, आबा."

"मंग कसला निवडून आलास," ते म्हणाले, आणि गाडीवानाला हाक दिली.

आठवड्याने मी त्यांना चाकणला पत्र पाठवले. ते असे:

"आबा,

तुमच्या पायांवर डोके ठेवून लिहितो. हे पत्र तुम्हाला जो वाचून दाखवील त्याने यातले काही गाळू नये, वाईट असले तरी.

डोळ्याचे काय झाले ते कळवावे. डावा गेला असे इकडे म्हणतात. उजव्याने दिसत असेल तर दोन अक्षरे कोणाकडून तरी लिहवून घ्यावीत, म्हणजे माझ्या आईला जेवण जाईल.

पंचायतीची पहिली बैठक झाली. होडी कोणा एकाची न राहता गावाची राहील असे ठरले. तळ फुटलेली होडी दुरुस्त होणार नाही, सुतार म्हणतो फळ्या नव्या लागतील. ज्येष्ठापर्यंत होईल. ज्याला पाळीवर जायचे आहे त्याला बसू द्यायचे, घरातले माणूस कोणाच्या शेतावर जाते हे विचारायचे नाही. होडी वल्हवायला बुडालेल्याचा भाऊ तयार आहे. मी त्याला एकच अट घातली, की होडीच्या काठाला कोणी हात घातला तर तो कोणाचा आहे हे न बघता वर ओढायचे. त्या जुन्या नावाड्याचाही. तो व्हय म्हणाला. त्या नावाड्याची बोटे आता मिटत नाहीत. त्याच्या घरी मी दाणे पोचवले.

तुमची गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांच्या दारात गेलो. एकटाच गेलो. अंगणात उभा राहून पाणी मागितले. दादा बाहेर आले आणि त्यांनी माझ्या तोंडात मारली. मी उभाच राहिलो. वहिनी तांब्या घेऊन आल्या. तो मी डाव्या हातात घेतला तर दादांनी लाथेने उडवला. तांब्या माझ्या मोडलेल्या खांद्यावर लागला आणि मी खाली बसलो. तुमची आठवण झाली, कुत्र्याची गोष्ट आठवली, म्हणून उठून गेलो नाही. दादा म्हणाले, माझ्या बापाचा डोळा तुझ्यापायी गेला. मी म्हणालो, होय, माझ्यापायी गेला. दगड कोणी मारला हे मी विचारले नाही. मग ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्या आठवणीत त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिले.

वहिनींनी दुसरा तांब्या भरून आणला आणि या वेळी तो माझ्या हातात न देता माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला. दादांनी तो पाहिला आणि उडवला नाही. मी बसल्या जागीच प्यालो. ओठ फुटला होता, त्यामुळे पाण्याला रक्ताची चव होती, पण शेवटपर्यंत प्यालो.

आबा, आता मी निवडून आलो असे समजावे."